तीन नंबरच्या खांद्यावरचे दात

२ ऑक्टोबर १९८४, मंगळवार

ही वही आज स्टेशनसमोरच्या दुकानातून घेतली ती एकाच कामासाठी. नाकानोला जायचं की नाही, ते ठरवायचंय. डोक्यात ठरवलं की मी दर दहा मिनिटांनी फिरते. लिहून ठेवलं तर निदान कुठे फिरले ते तरी कळेल.

तर झालं असं. रविवारी नाकानोच्या स्टुडिओच्या मालकांचा घरी फोन. त्यांच्या नव्या कार्टून मालिकेसाठी रोबो काढायला मुख्य माणूस हवाय आणि तो माणूस म्हणजे मी. नाव पडद्यावर एकटं, मोठ्या अक्षरात. उत्तर महिनाअखेरपर्यंत. म्हणाले, "तुमची सकाळची रेघ फार चांगली असते म्हणे." हे 'म्हणे' कोण, ते विचारायला हवं होतं, पण मी तेव्हा खुशीत होते.

मग त्यांनी विचारलं, सध्या तुमचं नेमकं काम काय? मी सांगितलं, आमच्या स्टुडिओचे मालक काबुरागीसान रोबोचं कच्चं चित्र काढतात आणि मी ते पक्कं करते. एकेक रेघ स्वच्छ, एका जाडीची, पुढून, मागून, बाजूने. त्या कागदावरून मग शंभर माणसं तो रोबो हलवतात आणि खेळणीवाले साचा बनवतात. आमच्याकडे नियम एकच: काबुरागीसानच्या रेघेला हात लावायचा नाही. जे आहे ते पक्कं करायचं, सुधारायचं नाही. सहा वर्षांत मी एकही रेघ माझ्या मनाची मारलेली नाही. त्यांच्या कागदावर डास मेला तर मी त्याचे सहाही पाय स्वच्छ काढून देईन.

या सगळ्याचं फळ काय, तर शेवटच्या नावांमध्ये 'सहकार्य' या मथळ्याखाली नऊ जणांच्या गर्दीत इसोमुरा चिझुरू, म्हणजे मी. आई चष्मा पुसून वर बघेपर्यंत ते निघूनही जातं.

५ ऑक्टोबर, शुक्रवार

आज डोकं फिरलं. मालिकेला पैसा पुरवणाऱ्या खेळणीवाल्यांनी आमचे पहिले दोन रोबो नापास केलेत. तिसरा नापास झाला तर मालिका दुसऱ्या कुणाकडे जाईल आणि आमचा स्टुडिओ वर्षअखेरीला कुलूप लावेल. हे काबुरागीसाननी स्वतः सांगितलंय. असं असताना तीन नंबरचं कच्चं चित्र त्यांनी कशावर काढून द्यावं? खालच्या लॉण्ड्रीच्या बिलांच्या पाठीवर. आणि कशाने? सुताराच्या जाड पेन्सिलीने.

हा माणूस पूर्वी गुडघ्यातल्या स्क्रूला आटेसुद्धा काढायचा. आता गुडघ्याच्या जागी एक गोल. डोकं म्हणजे दुसरा गोल. मी म्हटलं, "काबुरागीसान, कंबर कुठे वळते ते कळत नाही."

"भाव समजून घे, इसोमुरा."

भाव! सहा वर्षांपूर्वी, रुजू झाले त्याच दिवशी, मी भाव समजून एक बिजागरी काढली होती, तेव्हा कागद फाडून हातात दिला होता.

वाकुईसान शेजारच्या टेबलावर बसतात. माझ्याहून सात वर्षांनी मोठे, पोटाने त्याहून मोठे, आणि जन्मभर फक्त बंदुका आणि जहाजं काढणारे. ते म्हणाले, "माणूस मोठा झाला की रेघ जाड होते. माझ्या पोटाचं तेच झालं." मी हसले, पण मला खरंच वाईट वाटलं. नाव झालं की मेहनत दुसऱ्याने करायची. जाण्याच्या बाजूने एक मुद्दा.

११ ऑक्टोबर, गुरुवार

आज कामाबद्दल काही नाही, एक गंमत लिहिते. जेवायला कोपऱ्यावरच्या सोबाच्या, म्हणजे शेवयांच्या, दुकानात गेलो. काबुरागीसाननी पुन्हा करीभात मागवला. या आठवड्यात तिसऱ्यांदा. हेच गृहस्थ वाकुईसानना म्हणायचे की सोबाच्या दुकानात काड्या सोडून चमचा मागणारा माणूस माझ्या स्टुडिओत नको. आज स्वतः चमच्याने खाताहेत, वाटी टेबलावरून उचलायची नाही, तोंडच खाली न्यायचं.

"सोबा सोडला की काय?" वाकुईसाननी विचारलं.

"पोटाला जड जातो."

सोबा जड आणि करी हलकी.  शिवाय हल्ली ते शर्टही घालत नाहीत, डोक्यावरून घालायचे स्वेटर घालतात, सध्या एक विटकरी आहे. सहीसुद्धा नाही, कागदावर नुसता शिक्का. पन्नाशीनंतर काही पुरुषांना अशी लहर येते म्हणतात. आमच्या मामाने अकॉर्डियन घेतला होता.

१५ ऑक्टोबर, सोमवार

तीन नंबरचे खांदे झाले. लॉण्ड्रीची इस्त्रीयंत्रं दहाला सुरू होतात आणि वाफ वर येऊन आमचा कागद मऊ पडतो, म्हणून अवघड काम मी सातला येऊन करते. खांद्याच्या पत्र्याची खालची कड कच्च्या चित्रात वाकडीतिकडी होती. वर-खाली, वर-खाली, अगदी करवतीसारखी. मला ती मुळीच आवडली नाही. पण नियम तो नियम. भिंग घेऊन मोजले. अकरा वर, अकरा खाली. अकरा दात काढले, सगळे सारखे, कोन नीट जुळवून. डाव्या खांद्यावरही अकरा.

काबुरागीसान आल्यावर कागद समोर ठेवला. ते बराच वेळ बघत राहिले. मग बोट ठेवून म्हणाले, "हे काय?"

"दात. तुमच्या रेघेत होते."

"होते का?"

"अकरा. हवं तर मोजा."

त्यांनी मोजले नाहीत. खिडकीकडे जाऊन उभे राहिले, हात नेहमीसारखा खिशात. मला वाटलं आता फाडणार. पण परत आले, शिक्का मारला आणि म्हणाले, "पाठव." छान झालंय म्हणायला यांच्या तोंडाला काय होतं, देव जाणे. जाण्याच्या बाजूने दुसरा मुद्दा.

१९ ऑक्टोबर, शुक्रवार

खेळणीवाल्यांचे विभागप्रमुख होसाकासान यांचा फोन आला आणि ते इतक्या मोठ्याने बोलत होते की वाकुईसाननाही ऐकू गेलं. त्यांना दात आवडलेत. नुसते आवडले नाहीत, त्यांच्या घरच्या दोन पोरांनी कागद पळवला म्हणे. "काबुरागीसान, याआधी कुणी असं केलेलं नाही. गुडघ्यालाही करा. मनगटालाही करा. साचेवाले म्हणतात, प्लॅस्टिकमध्ये सहज निघेल."

काबुरागीसाननी फोन ठेवला आणि हसायला लागले. आधी हळू, मग टेबलाला धरून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मीही हसले, कारण तीन नंबर जवळजवळ पास झाला होता. वाकुईसान मात्र हसले नाहीत. उठून चहा करायला गेले आणि काबुरागीसानच्या चहाचा कप अर्धाच भरून आणला. मी म्हटलं, "अहो, आज तरी हात सैल सोडा." तर माझ्यावर डोळे वटारले.

२४ ऑक्टोबर, बुधवार

हा माणूस माझा छळ करतोय. मी शांतपणे लिहिते आहे.

मंगळवारी, तीस तारखेला कुरामाएला खेळणीवाल्यांकडे शेवटची बैठक आहे. टीव्हीवाले येणार, दुकानांचे खरेदीवाले येणार. तिथली जुनी रीत अशी की रोबो काढणाऱ्याने सगळ्यांसमोर भिंतीएवढ्या कागदावर जाड शाईच्या पेनाने तो उभा काढायचा. मग सगळे खाली नावं लिहितात आणि तो कागद साच्याच्या कारखान्यात टांगतात. कागद टांगल्याशिवाय तिथला म्हातारा कारागीर पोलादाला हात लावत नाही. काबुरागीसान हे आतापर्यंत सात वेळा करून आलेत, पाच मिनिटांत, गप्पा मारता मारता.

या वेळी मला म्हणाले, "तूही चल. लाकडी नमुना धरायला कुणीतरी हवं." म्हणजे हमाल.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण सोमवारपासून रोज दुपारी, कागद मऊ झाल्यावर, मला उभं करून भिंतीवरच्या कागदावर तीन नंबर काढायला लावतात. जाड पेनाने. पुसायची सोय नाही.

"परत."

"चुकलं कुठे?"

"चुकलं नाही. घाबरत काढलंस. परत."

आज चौदा वेळा. मी विचारलं, हे कशासाठी? तर म्हणाले, तुझं मनगट आखडलंय. माझं! मऊ कागदावर शाई फुटते, म्हणून थांबून चालत नाही, एका दमात रेघ न्यावी लागते. चौदाव्या वेळी मला वाटलं की पेन माझ्या खांद्यातून चालतंय. हे त्यांना सांगितलं नाही. कशाला सांगू?

२७ ऑक्टोबर, शनिवार

नाकानोला होकाराचं पत्र लिहिलं. चार ओळी, व्यवस्थित अक्षर. पाकीट बंद करून बॅगेत ठेवलंय. तीस तारखेचं एकदा पार पडलं की टाकणार. मध्येच टाकलं तर दगा दिल्यासारखं होईल. तीन नंबर पास झाला की माझं देणंघेणं संपलं.

वाकुईसानना सांगितलं. ते जहाजाच्या खिडक्या काढत होते, मान वर न करता म्हणाले, "तू त्यांच्या हाताकडे कधी बघितलंस का?"

"रोज त्यांच्या रेघेकडे बघते. हाताकडे कशाला बघू?"

"बरं," ते म्हणाले. "बंदुकीला चाप एक की दोन?"

हे असं. सरळ बोलायची पद्धतच नाही या स्टुडिओत.

३० ऑक्टोबर, मंगळवार

जे झालं ते झालं तसं लिहिते, नाहीतर उद्या मीच त्याला रंग चढवीन.

चौथ्या मजल्यावरची खोली, खाली सुमिदा नदी, पंचवीस-तीस माणसं. मी लाकडी तीन नंबर उभा करून दाखवला, त्याचे भाग फिरवून त्याचं जमीन खणायचं यंत्र करून दाखवलं, पुन्हा उभा केला. टाळ्या झाल्या. होसाकासान फार आनंदात होते. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि दोन्ही हातांनी पेन काबुरागीसानसमोर धरलं. "चला, तुमचे दात दाखवा." सगळे हसले.

काबुरागीसाननी पेन घेतलं. खांद्यापासून सुरुवात केली. कड दातेरी आली आणि लोकांनी वा म्हटलं. मग ते डोक्यावर गेले. डोक्यालाही दात आले. मग छातीला, जिथे मी स्वतः सरळ रेघ काढली आहे. मी कागदापासून दोन हातांवर उभी होते आणि आज पहिल्यांदा मी रेघ सोडून हाताकडे बघितलं.

हात थरथरत होता. बैठकीच्या भीतीने थरथरेल तसा नाही. पेन घट्ट धरलेलं, मनगट दुसऱ्या हाताने दाबलेलं, तरी थरथरत होता.

चमचा, स्वेटर, शिक्का, खिशातला हात, अर्धा कप. मी भिंग घेऊन अकरा दात मोजले होते. मला माझी इतकी लाज वाटली की लाकडी नमुना हातातून सुटला असता.

लोकांना अजून काही कळलं नव्हतं. काबुरागीसान तिथेच थांबून हसत म्हणू शकले असते की उरलेलं माझी मदतनीस काढेल, आणि ते खपलं असतं. मला वाटतं आधी त्यांच्या मनात तेच असावं, त्याचसाठी मला आणलं होतं. पण त्यांनी पेन खाली ठेवलं.

"होसाकासान," ते म्हणाले, "हे दात मी काढलेले नाहीत. माझा हात हलतो. दीड वर्ष झालं. डॉक्टर म्हणतात, आता हा असाच राहणार."

 टीव्हीवाल्यांपैकी एकाने हातातली काडेपेटी सावकाश टेबलावर ठेवली.

"म्हणजे खांद्यावरचं ते चुकून झालं?" होसाकासाननी विचारलं. आवाज खाली आला होता. त्यांनी त्याच दातांवर वरच्या लोकांकडून होकार मिळवलेला.

"माझ्याकडून चुकून. हिने त्याचे दात केले. मोजून, कोन जुळवून. मला ते सुचलं नसतं. मी त्यावर शिक्का मारला आणि तुम्ही कौतुक केलंत ते ऐकून घेतलं. ते मला सांगायला हवं होतं." मग वाकून नमस्कार केला आणि बराच वेळ वर बघितलं नाही.

मला खरं तर ओरडून सांगायचं होतं की मीही काही सुचून केलं नाही, मी फक्त गाढवासारखी नियम पाळत होते. पण होसाकासान माझ्याकडे वळून म्हणाले, "मग तुम्ही पूर्ण करा."

नवा कागद लावायला कुणीतरी उठलं. मी नको म्हटलं. त्यांचं चित्र तसंच ठेवलं आणि पुढे काढत गेले. डोक्यावरच्या दातांच्या मी हवेच्या फटी केल्या. छातीवरच्या वाकड्या रेघेला खालून दुसरी जोडली, तिथे पत्र्यावर पत्रा आला. सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या रेघेला हात लावला, तोही तीस माणसांसमोर. पाय काढेपर्यंत मला मागे कोण आहे तेही आठवत नव्हतं. वळून बघितलं तर काबुरागीसान कागदाकडे बघत होते. "परत" म्हणाले नाहीत.

होसाकासाननी निर्णय उद्यावर ठेवला. कुणीही कागदावर नाव लिहिलं नाही.

परतताना लोकलमध्ये आम्ही शेजारी बसलो. मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंत?"

"तू रेघ सुधारायला लागली असतीस," ते म्हणाले. "मग मला कळलं नसतं हात किती गेलाय ते. तुझ्या पक्क्या चित्रातच मला ते नीट दिसायचं."

 स्टेशन येईपर्यंत मी रडत होते आणि ते समोरच्या जाहिरातीतला रेफ्रिजरेटर बघत होते.

३१ ऑक्टोबर, बुधवार

होसाकासानचा फोन अकराला आला. दात राहणार, साचा होणार. त्यांच्या वरिष्ठांनी कालचा कागद मागवून घेतला आणि त्याच्याकडे बघत बसून चहा थंड केला म्हणे. अट एक: करारावर इसोमुराचं नाव हवं आणि मालिका संपेपर्यंत तिने हलायचं नाही. हललीच तर करार रद्द.

वाकुईसाननी ऐकलं आणि माझ्या बॅगेकडे बघितलं.  काबुरागीसान एवढंच म्हणाले, "नाकानोची माणसं चांगली आहेत. तिथे तुझं नाव एकटं येईल. इथलं माझं मी बघेन." नाकानोबद्दल त्यांना कुणी सांगितलं? वाकुईसान शपथेवर सांगतात की त्यांनी नाही.

दुपारी खालच्या सार्वजनिक फोनवरून नाकानोला नकार कळवला.  मालक म्हणाले, "अहो, मग आता मी काबुरागीसानना काय सांगू?" मी म्हटलं, त्यांना काही सांगायची गरज नाही, ते तुमच्यावर रागावलेले नाहीत. बिचारे उगाच घाबरले असावेत, दुसऱ्याचा माणूस फोडायला निघालो म्हणून.

नाव एकटं येणार नाही याचं वाईट वाटतं, वाटत नाही असं लिहिलं तर खोटं होईल. पत्र फाडलं.

८ नोव्हेंबर, गुरुवार

शत्रूच्या सेनापतीचा रोबो हवाय, वीस तारखेच्या आत. परवा काबुरागीसान डॉक्टरकडे गेले होते, तेव्हा मी एकटीने कच्चं चित्र काढायला बसले. सकाळी सातपासून. दहापर्यंत जे झालं ते अगदी सरळ, अगदी नीट आणि फडताळासारखं दिसत होतं. कपडे ठेवा आत. वाकुईसान म्हणाले, "खण किती?" मी ते फाडलं.

आज काबुरागीसान आले, सुताराची पेन्सिल घेतली आणि लपवाछपवी न करता डाव्या हाताने उजवं मनगट धरून काढायला लागले. तासभर. मी आणि वाकुईसान आपापल्या कागदाकडे बघत होतो, म्हणजे बघायचं नाटक करत होतो. मग त्यांनी तो कागद मला दिला. हा माणूस गोल काढतो, पण त्या गोलाला वजन असतं. सेनापती एका पायावर भार देऊन उभा होता, कंटाळल्यासारखा. मला ते सात जन्मात सुचणार नाही.

पक्कं करायला घेतलं. डोकं झालं, मान झाली. पाठीवर एक लांब रेघ होती, मध्यावर अचानक बाहेर गेलेली. भिंग लावून बघितली. उलटा कागद धरून बघितली. शेवटी उठून त्यांच्या टेबलाशी गेले.

"ही थरथरली आहे, की मुद्दाम?"

त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला. दूर धरला. खालची यंत्रं चालू होती आणि कागद मऊ पडत चालला होता.

"खरं सांगू?" ते म्हणाले. "आता माझं मलाच कळत नाही. तू ठरव."

मी टेबलाशी आले. खोडरबर घेतलं, ठेवलं, पुन्हा घेतलं. मग रेघेचा बाहेर गेलेला भाग अर्धा पुसला आणि अर्धा ठेवला, आणि जिथे ठेवला तिथून खाली कंबरेपर्यंत एक नवी रेघ ओढली. ती त्यांच्या चित्रात नव्हती. ती माझी होती.

काबुरागीसान मागे येऊन उभे होते. त्यांनी खुर्ची ओढली, माझ्या शेजारी बसले आणि सेनापतीच्या गुडघ्याजवळच्या रेघेवर बोट ठेवलं.

"आणि ही?" त्यांनी विचारलं.